आटपाडीचे दोन ए

बिरदेव सांगलीच्या एका कंपनीत इंजिनिअर होता, आणि गावी गेला की ही गोष्ट चपला काढायच्या आधी सांगायचा. आटपाडीच्या दूध संस्थेचं ॲप त्यानंच बनवलं होतं. कुणी बटण दाबलं की ती नोंद कुठून कुठं गेली, कुठं किती वेळ अडली, याचा सगळा माग देखरेखीच्या सर्व्हरकडं जायचा आणि तिथून बिरदेवच्या लॅपटॉपवर दिसायचा, अडलं तर लाल, नाही तर हिरवा. बाप मेंढरांचा माग काढायचा. पोरानं धंदा तोच ठेवला होता, फक्त पाय दुखायचे थांबले होते.

केंद्रावर दुधाच्या नोंदी त्याची आत्ती, रंगुबाई, करायची. तीन महिने ती एकच सांगत होती, "बिरदेवा, बटण दाबलं की नुसतं चाक फिरतंय रं. माणसं खोळंबत्यात."

"आवं आत्ती, माझ्याकडं सगळं हिरवं हाय. बोट नीट दाबत जावा."

हेच त्यानं अध्यक्ष नानासोंनाही सांगितलं. मग नानासोंनी रंगुबाईला कामावरून काढायचं ठरवलं, आणि बैठकीला पुरावा घेऊन यायला बिरदेवलाच बोलावलं.

बैठकीच्या सकाळी त्यानं ऐटीत अहवाल काढला. चुका शून्य. त्याखाली बारीक अक्षरात, सर्व्हरकडं आलेल्या नोंदीही शून्य! त्यानं ॲपमध्ये भरलेला सर्व्हरचा पत्ता तपासला. सर्व्हरच्या नावात आटपाडी इंग्रजीत एका 'ए'नं सुरू होत होती. एक ए म्हणजे गावाचा अपमान, असं ऑफिसात भांडणाऱ्या बिरदेवनं पत्ता भरताना अभिमानानं दोन घातले होते. तीन महिने सगळा माग नसलेल्या गावाला जात होता. त्यानं एक ए खोडला. थोड्या वेळात पडदा लालेलाल झाला. रंगुबाईची प्रत्येक नोंद चाळीस सेकंद अडत होती, तीही त्यानं स्वतः लिहिलेल्या भागात.

बैठकीत 'नेट खराब हुतं' असं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण रंगुबाई केंद्राची किल्ली द्यायच्या तयारीनं दाराशी बसली होती.

"आत्तीची चूक न्हाई," तो म्हणाला. "ॲप माझंच अडतंय."

"मग हिरवं हिरवं म्हणत हुतास ते काय रं?" नानासोंनी विचारलं.

"माझ्याकडं कायच येत नव्हतं. मला वाटलं, समदं झ्याक हाय."

सगळे खो खो हसले. बिरदेवही हसला. रंगुबाई तेवढी हसली नाही.

"मला वाटलं, मलाच जमंना झालंय," ती म्हणाली. "रोज सैपाक झाल्यावर पाटावर बोट दाबायचा सराव करत हुते मी."