गुळगुळीत कागद

आज एक लग्नपत्रिका आली. तिच्यावरच्या सोनेरी, उठावाच्या अक्षरांवरून सहज अंगठा फिरला आणि वाशीमच्या शाळेतला मॅट्रिकचा गणिताचा पेपर आठवला.

आसेगावची शांता लहानपणी देवी येऊन आंधळी झाली होती. तिचा पेपर लिहायला खालच्या वर्गातली मुलगी हवी होती. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते, म्हणून मला बसवलं.

“एवढं गणित निघालं की मले अंधशाळेत मास्तरकी भेटते,” ती म्हणाली. “जोरानं वाच वं. कॉन्व्हेंटात बोलाले पैसे लागतात का?”

बीजगणित तिनं भराभर सांगितलं, मी लिहिलं. मग भूमिती आली. मी वाचलं, “सोबतच्या आकृतीतील कोन काढा.”

“आकृतीत काय हाय?”

मी पर्यवेक्षक बाईंकडे पाहिलं. “छापलंय तेवढंच वाच,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आकृती सांगितलीस तर तिचा पेपर रद्द होईल.”

एका वर्तुळात त्रिकोण होता, एवढंच. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. शांतानं प्रश्नपत्रिका ओढून घेतली आणि तिच्यावरून सावकाश बोटं फिरवली, एकदा सरळ, मग गोल.

“बोटाले काई लागून नाही राह्यलं वं,” ती म्हणाली.

ती गणितातच नापास झाली.

पत्रिका अजून माझ्या हातात आहे. डोळे मिटले तरी नवरीचं नाव बोटांना वाचता येतं.