प्रश्न उद्भवत नाही

विधानसभेचं जुनं कामकाज आता मोबाइलवर वाचता येतं. सोय चांगली आहे. सरकार आपल्याविषयी काय खोटं बोललं हे बघायला पूर्वी मुंबई-नागपूर करावं लागायचं, आता साकोलीच्या स्टँडवर बसची वाट बघता बघता काम होतं. मीही तिथेच वाचलं. नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनातला तारांकित प्रश्न, आमच्या गावाचा. गावठाणात स्मशानभूमी नसल्याने ग्रामस्थांची गैरसोय होते, हे खरे आहे काय? उत्तर: हे खरे नाही, शेडसह स्मशानभूमी उपलब्ध करून देण्यात आली आहे. मग असल्यास शासनाने काय कार्यवाही केली? उत्तर: प्रश्न उद्भवत नाही. त्याच पानावर खाली कुठल्याशा पुलाचा प्रश्न होता, तोही उद्भवत नव्हता.

हा प्रश्न माझ्या बाबांचा. आमदारांच्या नावाने छापलाय, पण त्यासाठी त्यांच्या दारात चपला झिजवल्या बाबांनी.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं, तसा नदीकाठचा घाटही गेला. वरच्या मुरमाड माळावर नवं गावठाण दिलं. शाळा दिली, समाजमंदिर दिलं, नळ दिले, नळाला पाणी दिलं नाही. मेलेल्यांची सोय करायला साहेब लोक विसरले. पुनर्वसन झालेली माणसं मरत नाहीत असा काही त्यांचा समज असावा. मग आम्ही शेजारच्या गावच्या घाटावर जायचो, त्यांच्या धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या अरुंद बांधावरून, तोल सांभाळत. ते तोंड वाकडं करायचे, पण जाऊ द्यायचे.

बाबांना ते तोंड बघवत नव्हतं. आपला प्रश्न सभागृहात गेला की सुटलाच, अशी त्यांची पक्की श्रद्धा. देवावर नव्हती तेवढी. ज्या दिवशी प्रश्न होता, त्या दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते चौकात बसले होते. प्रश्नाची पाळीच आली नाही म्हणे, वेळ संपली. उत्तर लेखी आलं. आमदारांनी त्याची प्रत अभिमानाने पाठवली. प्रश्न विचारला ना, मग झालं.

बाबा ती प्रत घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. मी सोबत होतो. शेड कुठंच नाही, साहेब, येऊन पाहा, असं त्यांनी सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पान लावता लावता समजावून सांगत होता. "आता काय करता येते, काका? सभागृहात उत्तर गेलं, शेड आहे म्हणून. आता मी नाही म्हटलं तं हक्कभंग होईल. आधी गुपचूप येऊन सांगितलं असतं, तं एखाद्या योजनेत बसवून देलं असतं. तुम्हीच इचारायले लावलं ना?"

म्हणजे नसलेलं शेड बाबांनी स्वतःच्या हाताने बांधून घेतलं होतं, आणि आता ते पाडायची कुणाची हिंमत नव्हती. हात दाखवून अवलक्षण, असं गाव म्हणालं. खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं.

बातमी शेजारच्या गावात पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या मयतीला त्यांचा एक माणूस धुऱ्यावर आडवा उभा. "सरकारनं तं तुमाले शेड देलं म्हंते. मंग इकडं काहून येऊन राहिले?" खांद्यावर तिरडी घेऊन आम्ही उन्हात उभे, आणि हा हसतोय. त्या दिवसापासून दर मयतीला हात जोडावे लागले. आणि दर वेळी घरी परतताना लोक बाबांना शिव्या घालायचे. त्यांचं नावच पडलं, तारांकित. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ओरडायचं, "अरे, तारांकितले वरन वाढा!" पंगत हसायची. बाबा पान सोडून उठत नसत, मान खाली घालून जेवत. त्यांनी एकदा तरी पत्रावळ उधळून द्यायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

आजारी पडले तेव्हा त्यांनी एकच मागितलं. "मले त्यायच्या घाटावर नेऊ नोका. माह्यासाठी कोनापुढं हात जोडू नोका." मी हो म्हटलं.

ते गेले ऐन धानाच्या रोवणीत, भर पावसाळ्यात. धरण भरलेलं, सगळीकडे पाणी. गावात ज्यांची उंचावर जागा होती त्यांना विचारलं. आपल्या शेतात सरण कोण रचू देईल? शेवटी तोच धुरा, तोच माणूस. म्हणाला, "तारांकित का?" मी हात जोडले. बाबांनी नको म्हटलेली दोन्ही कामं मी एका दुपारी केली. लाकडं ओली, पाऊस थांबेना. टायर टाकले, डिझेल टाकलं. माझ्या बापाला टायरच्या धुरात जाळलं. ते आठवलं की आजही हाताला काही लागेल ते फेकावंसं वाटतं.

तेरवीला नवे आमदार आले. जुने पडले होते. हे तरुण, पांढरे शुभ्र, मागे चार माणसं. आईसमोर खुर्चीवर टेकले, हळहळले, चहा घेतला. उठताना त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काकू, तुमच्या गावच्या स्मशानभूमीचा प्रश्न येत्या अधिवेशनात मीच मांडतो."

आई खाटेवरून उठली आणि तिने त्यांच्यापुढे हात जोडले.

"नोका मांडू जी बाप्पा. शिव्या देऊन का होईना, बाजूच्या गावचे अजून जाऊ तं देतेत. तुमी इचारलं का तेबी बंद होईल. मले जायचं हाये अजून."