तिथला कांदा

नव्या गावी गेलं की आधी तिथला कांदा खायचा, म्हणजे पाणी बाधत नाही, हा आमच्या घरातला कायदा. आम्ही पाथर्डीकडची माणसं. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचो, कधी नेवाशाकडे, कधी संगमनेरकडे. राहायला पाचटाची कोपी उभी करायच्या आधी आई शेजारच्या वावरातून कांदा मागून आणायची, बुक्कीने फोडायची आणि आम्हा भावंडांच्या हातावर एकेक फोड ठेवायची.

"खा. हितलं पानी हितल्याच कांद्याला ऐकतं."

नाकाडोळ्यांतून धारा लागायच्या, पण सुटका नव्हती.

पुढे मी नर्स झाले आणि जरा जास्तच शहाणी झाले. जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा सगळ्या लशी टोचून घेतल्या, पोटाच्या गोळ्या आणि साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं बांधून घेतली. आईने मात्र घरचे पाच कांदे जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून बॅगेत कोंबले. मी वैतागले.

"अगं आई, तूच म्हणतेस ना, तिथला कांदा खावा म्हणून? मग हे ओझं कशाला?"

"असू दी. तू हेच खा," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, म्हातारी विसरायला लागली.

तिथल्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या बाईने कांदे काढून घेतले. फडकं तेवढं परत दिलं. आठवड्याच्या आत माझं पोट बिघडलं. दिवसभर दुसऱ्यांना जपणारी मी खोलीत मुटकुळं करून पडले, आणि फोनवर आईचा पहिला प्रश्न आला, "कांदे खाल्ले का गं?"

कांद्यांचं काय झालं ते सांगितलं.

"म्या मुद्दाम घरचे दिल्ते," ती म्हणाली. "तिथलं पानी मानवलं की मानूस तिथलंच हुतं, बाई." आणि लगेच स्वतःलाच दटावल्यासारखी, "पन आता पोटापुढं काय? जा, तिथला आन."

आणला. बुक्कीने फोडला. मेला गुळचट होता, जरासुद्धा झोंबला नाही. मला आमचा तिखट कांदा आठवला, माठातलं गार पाणी आठवलं, आणि मी रडले. पोट थांबलं ते गोळ्यांनी, हे मला ठाऊक होतं. पण आईला बरं वाटावं म्हणून मी तिथल्या कांद्यानेच थांबलं असं सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी काय बोलून बसले, ते मला फार उशिरा कळलं.

चार वर्षांनी सुट्टी मिळाली. घरी पोचल्या पोचल्या माठातलं पाणी तांब्याने प्याले, एकामागून एक तीन तांबे. चार वर्षं याच पाण्यासाठी जीव आसुसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात कळा सुरू झाल्या. कुणाला कळू नये म्हणून मी निमूट गोळी घेतली आणि भाकरी नको म्हणाले. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती वावराकडे गेली.

आली ती पातीसकट उपटलेला कांदा घेऊन. उंबऱ्याशी बसली, बुक्की मारली आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "हितला हाय."