भिंतीकडची बाजू

माझ्या नवऱ्याला जुन्या लाकडी मोटारबोटी गोळा करायचा नाद होता. नागपुरात. इथून समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही, आणि नाग नदीत तेव्हाही पाण्यापेक्षा घाण जास्त वाहायची. गल्लीतले लोक त्याला विचारायचे, "काहून गा, पूर येऊन राहिला काय?" तो हसायचा. टोमणे त्याला लागत नसत. लागले असते तर बरं झालं असतं.

तो कापडाच्या मिलमध्ये फिटर होता. समोर मी त्याला 'तुमी' म्हणत असे, लिहिताना 'तो' लिहिते. आता रागवायला तो नाही.

पहिली बोट त्याने रामटेककडून आणली. तलावाच्या तपासणीची सरकारी बोट होती ती, इंग्रजांच्या वेळची. चिखलात पालथी पडलेली. भंगारात निघाली तेव्हा त्याने घेतली आणि बैलबंडीवर घालून घरी आणली. पाचपावलीत आमचं घर दोन खोल्यांचं, पण अंगण मोठं होतं. त्या अंगणात ती बोट बसली आणि माझी कपडे वाळवायची दोरी गेली. मी काही दिवस बोलले, मग सोडून दिलं. दुसऱ्यांचे नवरे मिलमधून सुटले की सट्ट्याच्या अड्ड्यावर जायचे. माझा सुटला की बोटीखाली शिरायचा. पाय तेवढे बाहेर दिसायचे.

दुसरी बोट लहान होती. ती एका मालगुजाराच्या गोठ्यात सापडली. त्याच्या बापाने कधीतरी बदकांच्या शिकारीसाठी आणवली होती म्हणे. पुढे तिचं इंजिन गेलं आणि घरच्यांनी तिची गव्हाण केली. बैल त्यात कडबा खायचे. वर्षानुवर्षं गुरांची जीभ फिरून आतलं सागवान असं गुळगुळीत झालं होतं की रंध्यानंही होणार नाही. पुढं बोट वळवायचं गोल चाक होतं, मोटारीतल्यासारखं, हातभर. त्या चाकाला कोणीतरी दावणीची दोरी बांधली होती.

बंडीवरून उतरवताना सगळी गल्ली जमली होती. तेव्हा तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मोठी माही, लहानी तुही. तूच चालवशीन."

शेजारीण तोंडावर पदर घेऊन हसली. "चालवते आता. सायकल येत नाही अन् बाई बोट चालवते!"

"तुले बसवीन न वं पहिले," मी म्हटलं.

मी हसून बोलले, पण त्याचं बोलणं मी खरं धरलं होतं. माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. बाप ढिवर, मासे धरणारा. आमच्या दारात डोंगा असायचा आणि त्यात मी लहानपणापासून बसले, पण मधोमध, तोंड मिटून. वल्हं बाईमाणसाने हातात घ्यायचं नाही, जाळं ओलांडायचं नाही. भाऊ माझ्याहून लहान, तो डोंगा पैलतीरी न्यायचा आणि मी त्याच्यामागे शिदोरी धरून बसायची. नवराही आमच्यातलाच, पण त्याच्या घरात दोन पिढ्या कोणी पाण्यात उतरलं नव्हतं. बोटीबद्दल त्याला कळायचं ते इंजिनातलं. लाकडाचं काम मला घरातून दिसलेलं होतं, करायला मात्र कधी मिळालं नव्हतं. ते त्या अंगणात मिळालं.

फुटक्या काचेने मी जुना रंग खरवडला. शेण तर किती निघालं! दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठोकायची, वरून राळ आणि जवसाचं तेल एकत्र घोटून भरायचं. राळ उकळायला लागली की डोळे झोंबतात आणि हाताला चिकटलेली दोन-दोन दिवस निघत नाही. त्याच हाताने पोळ्या केल्या. पोरं म्हणायची, आई, पोळीला वास येतो. मी म्हणायची, मग नका खाऊ.

थंडीत हे काम, आणि उन्हाळ्यात पाणी. नागपूरच्या उन्हात कोरडी बोट चार दिवसांत तडकते. फळ्या आक्रसतात, फटी उघडतात, सगळी मेहनत वाया. म्हणून मी माझी बोट भिंतीच्या सावलीला लावून घेतली होती. तिच्यावर पोती अंथरायची आणि सकाळ-संध्याकाळ भिजवायची. पाणी सरकारी नळाचं, तेही रांग लावून. नळावर बाया म्हणायच्या, हिच्या घरी म्हैस आहे काय, एवढं पाणी नेते! आणि तुळशीला नाही घातलं तरी मी बोटीला घालायची. मोठ्या बोटीचं तो बघायचा, कधी करायचा, कधी विसरायचा. तिच्या बाजूच्या फळ्या अशाच गेल्या.

तेव्हा आमच्याकडे एक निवृत्त इंजिनियर यायला लागले. धंतोलीत राहायचे. त्यांना जुन्या बोटींचा नाद नवऱ्याच्याही वरचा, पण स्वतःच्या हाताने काही करायचे नाहीत. खुर्चीवर बसून सांगायचे. चहा मी द्यायची, बोलणं त्या दोघांचं. त्यांनी सांगितलं की अंबाझरी तलावावर बोट उतरवायची परवानगी ते काढतील, मोठमोठी माणसं बघायला येतील. एकच अट. "नवीन फळी लावू नको. जुन्या बोटीला जुनंच लाकूड पाहिजे. नाहीतर ती बोट राहत नाही, खोकं होतं."

जाताना त्यांनी माझ्या बोटीवरचं पोतं उचललं आणि फळीवर बोटं फिरवली.

"ही विकायची आहे का?"

"नाही साहेब," नवरा म्हणाला. "थे घरची हाय."

मला ते उत्तर आवडलं. त्या रात्री मी त्याला वांग्याची भाजी केली, जास्त तेलाची.

त्या उन्हाळ्यात माझी आई आजारी पडली. मी माहेरी गेले. निघताना त्याला सांगितलं, "पाण्याचं ध्यान ठेवजा." तो म्हणाला, "जा वं तू. बोट कुठं पळून राहिली?"

आईचं सगळं आटोपून मी परत आले तेव्हा ऊन रणरणत होतं. मोठी बोट अंगणात नव्हती. ती तलावाजवळच्या शेडमध्ये नेली, तिथं शेवटचं काम चाललंय, असं त्याने सांगितलं. माझी बोट भिंतीला होती तशीच होती. पोती अंथरलेली, आणि ओली. मी हात लावून पाहिलं. मला बरं वाटलं. म्हटलं, मेलेल्या आईच्या घरून आले आणि इथं कोणीतरी माझं सांगणं ऐकलंय.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा नळावर. तो बाजेवर बसून बिडी ओढत मला पाणी टाकताना बघायचा. एकदा म्हणाला, "इतकं पाणी कायले टाकतं? थकून आली आहेस. जाऊ दे न."

"तडकीन न," मी म्हटलं.

तो उठून आत गेला. मला वाटलं, माझी काळजी करतोय.

असं कितीतरी दिवस चाललं. मग एका सकाळी मी बादली रिकामी करत होते, आणि शेजारीण तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. ती थोडा वेळ बघत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"कोणाले आंघोळ घालून राहिली वं तू?"

"दिसत नाही काय? बोटीले."

"अवं, थ्या बोटीची तं भिंतीकडची बाजू गेली न. तुले सांगितलं नाही त्यानं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना ती हसायची.

"मले वाटलं तुले मालूम हाय," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीले मालूम हाय. त्या दिवशी हातगाडीवर फळ्या नेल्या त्यानं. आमचेच हे धक्का माराले गेले होते."

मी भिंत आणि बोट यांच्यामध्ये हात घातला. हात कुठेच अडला नाही. पोती ओढून खाली टाकली. अंगणाकडची बाजू चांगली होती, माझ्या वातींसकट. भिंतीकडे नुसत्या बरगड्या. मागची आडवी फळी नाही, बसायचा बाक नाही. चाकही नव्हतं. पोतं खाली पडू नये म्हणून त्याने बरगड्यांवर मिलमधल्या सूत गुंडाळायच्या नळ्यांची खोकी रचून ठेवली होती. त्या खोक्यांना मी सकाळ-संध्याकाळ पाणी पाजत होते.

शेजारीण म्हणाली, "बस जरा. पाणी आणू काय?"

मी म्हटलं, "पाणी पुरे."

तो पाळीवरून आला तेव्हा पोती अंगणात तशीच पडली होती. त्याने ती पाहिली आणि सायकल नीट भिंतीला टेकवायला बराच वेळ लावला.

"सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"तुही आई गेली होती. तशात कसं सांगू?"

"अन् मी पाणी टाकून राहिली होती, थे पाहात बसले होते तुमी."

"म्हटलं न मी, जाऊ दे म्हणून!"

मग त्याचं सुरू झालं. परवानगी मिळाली होती, दिवस ठरला होता, साहेबाने सांगितलं होतं की नवीन फळी चालणार नाही. तसं वाकलेलं, मुरलेलं सागवान कुठं मिळतं? दोन अर्ध्या बोटी घरात ठेवून काय करायचं? एक तरी पुरी झाली. "अन् तुहंच लाकूड हाय न तिच्यात. म्हणजे थे तुही बी झाली."

"माही अर्धी नव्हती," मी म्हटलं. "माहीले फक्त इंजिन पायजे होतं."

मी जेवायला वाढलं. वाढायचं कसं सोडणार, पोरं होती.

मला विचारलं असतं तर? हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. मी नाही म्हटलं असतं. त्याला ते माहीत होतं, म्हणून त्याने विचारलं नाही. पण ते तरी मी सोसलं असतं. पुरुष घरातलं न विचारता नेतात, भांडी नेतात, बायकोच्या पाटल्या नेतात. त्याने पोती ओली करून ठेवली होती. मी येणार म्हणून, त्याने स्वतः नळावरून पाणी आणून, त्या खोक्यांवर टाकलं होतं. मी सांगितलं तेव्हा तो विसरायचा. फसवायला मात्र बरोबर आठवलं.

बोट उतरवायच्या दिवशी मी गेले. गेले नसते तर गल्लीने महिनाभर चघळलं असतं. तलावावर माणसं जमली होती, इंजिनियर साहेब पांढरी टोपी घालून फिरत होते, कोणीतरी फोटो काढत होतं. बोट दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. वॉर्निशमध्ये तोंड दिसत होतं. उजव्या बाजूच्या फळ्या मी लगेच ओळखल्या. आत वाकून पाहिलं तर तिथं सागवान चाटून गुळगुळीत झालेलं. चाकही माझंच.

नवऱ्याने नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चल, बस. आज पहिली फेरी तूच चालव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "वा! असा नवरा पाहिजे."

त्याने हात पुढे केला होता. चाक तिथंच होतं, दोन पावलांवर. मला तळ्यावर जायचं होतं की नाही? होतं. तेव्हाही होतं.

"हे तुमची हाय," मी म्हटलं. "तुमीच चालवा."

टाळ्या थांबल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. नवऱ्याने हात मागे घेतला आणि एकटाच चढला. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. बोट सरळ गेली, पार पलीकडे वळली आणि परत आली. एक थेंब आत आला नाही. माझ्या फळ्या होत्या. तो उतरला तेव्हा त्याचं तोंड पोरासारखं झालं होतं. तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "कशी गेली?"

"लाकूड चांगलं होतं," मी म्हटलं.

लोक अजून मला सांगतात की त्याने चारचौघांत मान दिला, तू नाकारायला नको होतंस. चारचौघांत त्याने आधी बोटही दिली होती. ती नेली मात्र एकट्याने.

त्याचा नाद गेला नाही. पुढं गोंदियाकडून एक मोडकी बोट आणली, भंडाऱ्याहून एक. मी कुठल्याच बोटीला हात लावला नाही. त्याने दोनदा म्हटलं, हिची वात तू ठोक, तुझा हात चांगला आहे. मी ऐकलं नाही असं केलं. त्या बोटी उन्हात तडकल्या, त्याने त्यात डांबर भरलं, त्या तलावात गळल्या.

माझ्या बोटीचा उरलेला भाग भिंतीला तसाच होता. पाणी मी बंद केलं होतं. ती पावसात भिजली, मग थंडी आली. एका सकाळी मी कुऱ्हाड घेतली आणि तिच्या बरगड्या काढून अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत लावायला सुरुवात केली. सागवानात राळ आणि जवसाचं तेल मुरलेलं, कसं पेटतं विचारू नका. राखेतून तांब्याचे खिळे निघत. ते साठवून मी भांडेवालीला दिले आणि एक पातेली घेतली. रोज थोडं थोडं लाकूड जाळलं. तो पहाटे पाळीवर जायचा, संध्याकाळी अंधारात यायचा, त्याचं लक्ष नव्हतं.

मग भंडाऱ्याच्या बोटीला पुढची वाकडी फळी लागली, आणि तो रविवारी सकाळी डोळे चोळत भिंतीकडे गेला. परत आला.

"लहानीच्या उरलेल्या फळ्या कुठं ठेवल्या वं?"

मी चुलीकडे हात केला. शेवटची फळी अर्धी आत होती, अर्धी बाहेर. तिच्यावरची वात जळत होती, पिवळा धूर निघत होता. तो ती फळी ओढायला वाकला, भाजलं, हात मागे घेतला.

"अवं, सागवान होतं थे."

"मालूम हाय."

तो चुलीसमोर उकिडवा बसून राहिला. फळी पुरती आत जाईपर्यंत बसला. मी तिला पायाने आत ढकललं. पाणी उकळायला आलं होतं. मी त्याला टॉवेल दिला, त्याने बादली भरली आणि तो न्हाणीत गेला.