कितीला पडला?

माझ्या कपड्यांचं कुणी कौतुक केलं की माझ्या तोंडून आधी किंमत बाहेर पडते, थँक्यू वगैरे नंतर. सांगलीला आमच्या सगळ्याच बायकांना ही खोड होती. "काय छान साडी आहे गं" म्हटलं की "अगं, सेलमधली! कितीला पडली सांगितलं तर खरं वाटायचं नाही तुला." भारी पैसे मोजून भारी कपडा कुणीही आणेल, त्यात काय अक्कल लागते?

लग्न होऊन चंदीगडला आले आणि बघते तर इथे सगळं उलटंच. इथल्या बायका बुटीकचं नाव सांगतात, किंमत ज्याची त्यानं ओळखायची. मी काही बदलले नाही. बदलून परवडणारही नव्हतं म्हणा. एकोणचाळीस सेक्टरच्या संस्थेतला यांचा एक पगार, त्यातून मोहालीतल्या फ्लॅटचा हप्ता. पण मुलीला मी कधी गबाळी दिसू दिलं नाही. मॉलमध्ये जायचं, पुतळ्याच्या अंगावरचा कुर्ता डोळ्यांत भरून घ्यायचा, गळा कसा काढलाय, बाहीला काय केलंय ते बघायचं आणि हात हलवत बाहेर यायचं. मग बावीस सेक्टरच्या मार्केटात कापड शोधायचं आणि घरी मशीनवर बसायचं. मुलीच्या मैत्रिणी विचारायच्या, कुठून घेतलास? तेव्हा मला असा काही आनंद व्हायचा की विचारू नका.

तर ही मुलगी आता नोकरीला लागली आणि तिनं ऑफिसातलाच एक पंजाबी मुलगा पसंत केला. मुलगा सरळ आहे, आमची काही तक्रार नाही. त्याच्या आईवडिलांनी आम्हाला रविवारी एयरोसिटी या नव्या वसाहतीतल्या त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. दोन्ही घरं पहिल्यांदाच भेटणार होती.

मी कंबर कसली. तागा संपताना उरलेला मोरपंखी सिल्कचा तुकडा मिळाला, त्यातून स्वतःला सलवार-सूट शिवायला घेतला. त्यावर जुळणारी ओढणी कुठेच मिळेना, म्हणून पांढरी घेतली आणि मार्केटच्या कोपऱ्यावर ओढण्या रंगवून देणाऱ्याकडे गेले. त्यानं उकळत्या पातेल्यातून काढून पिळून दाखवली. "पक्का मॅच है, आंटीजी." मी म्हटलं, थांब बाबा, उन्हात बघू दे. उन्हात ती हिरव्याकडे झुकत होती. परत बुडवायला लावली. तो वैतागला, पण तिसऱ्यांदा असा रंग चढला की तो स्वतःच खूश झाला. उरलेल्या कापडाची पट्टी आणि लेस लावून मुलीसाठीही एक कुर्ता बेतला.

शनिवारी मी बाहीला लेस लावत होते तेव्हा मुलगी येऊन दारात उभी राहिली. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, हे आमचं ठरलेलंच.

"मम्मा, एक बात बोलूँ? कल वहाँ रेट मत बताना, प्लीज."

"का? चोरून आणलंय का मी?"

"ऐसा नहीं है यार. वो लोग थोड़े अलग हैं."

माझा पाय मशीनवरून निघाला. असा संताप आला! हे आतून म्हणाले, "एक दिवस नको सांगूस, काय बिघडतंय?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." पण खरं सांगते, रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. जिला इतकी वर्षं नटवलं तिला आता माझी लाज वाटते, हेच डोक्यात घोळत राहिलं. मी म्हटलं, "नाही सांगणार. तोंडाला कुलूप."

रविवारी गेलो. घर मोठं, माणसं त्याहून मोकळी. मुलाची आई आग्रह कर करून वाढत होती. जेवणं झाली, चहा आला. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझी ओढणी हातात घेतली. "भैनजी, सूट बड़ा सोहणा है. किस बुटीक का है?"

"थँक्यू जी," मी म्हटलं.

"नाम तो बताओ, मैं भी जाऊँगी."

"बस, ऐसे ही... मार्केट से."

मी कपात बघत बसले. तिला वाटलं असणार, बाई शिष्ट आहे, सांगायचं नाहीये. तिनं ओढणी सोडली. "अच्छा जी," म्हणाली आणि बिस्किटांची बशी यांच्याकडे सरकवली. मघापासून चाललेल्या गप्पा तिथेच थंडावल्या. यांनी घसा खाकरला. मुलीचं सासर जोडायला आलेय आणि हे काय करून बसले मी! पण शब्द दिला होता, बोलणार काय?

मुलगी समोरून बघत होती. काय दिसलं तिला माझ्या तोंडावर कोण जाणे. ती उठली आणि माझ्या सोफ्याच्या हातावर येऊन बसली.

"आंटी, ये मम्मा ने खुद सिला है. दुपट्टा भी तीन बार रंगवाया." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मा, बताओ ना. कितने का पड़ा, वो भी बताओ."

मी तिच्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती करत. मुलाची आई पुन्हा माझ्याकडे वळली होती, सगळे थांबले होते. मी तोंड उघडलं, पण किंमत काही केल्या आठवेना. मला! घरात दहा वेळा सांगून झालेली किंमत!

मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साढ़े छह सौ, आंटी," ती म्हणाली. "और मेरा वाला तो इससे भी कम में."