आन्नाच्या पत्रांच्या कापलेल्या कडा

चौथ्या पत्रात वाक्य मध्येच तुटलं. ‘आम्ही आता त्या घरात राहत नाही, कारण’ एवढं लिहून आन्ना थांबली होती. पुढच्या पानावर थेट बटाट्याचं पीक.

मी नोएडात एका ट्रान्सलेशन कंपनीत स्वीडिशचं काम करते. ही पत्रं पाठवणारे क्लायंट अमेरिकेतले रॉय, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे आजोबा तरुणपणी स्वीडन सोडून गेले ते परतलेच नाहीत. मागे राहिलेली बहीण, आन्ना, त्यांना आयुष्यभर पत्रं लिहीत राहिली. तीन आठवड्यांनी रॉय पहिल्यांदा स्वीडनला निघाले होते. आन्नाचं कुणीतरी भेटावं, एवढीच इच्छा. पहिल्या पत्रांवरच्या पत्त्यावरून त्यांनी त्या गावातली आन्नाच्याच ‘मूडिग’ आडनावाची माणसं शोधलीही होती. उत्तर आलं, आमचा तुमचा काही संबंध नाही.

“मग मी काय नुसती झाडं बघून येऊ?” व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आमचे मॅनेजर सेठी सर डेडलाइनच्या काळजीत. “मॅडम, ‘इल्लेजिबल’ लिख दो और आगे बढ़ो.” इल्लेजिबल म्हणजे वाचता न येणारं.

“सर, पढ़ा नहीं जा रहा ऐसा नहीं है. लिखा हुआ कट गया है.”

मी रॉ, म्हणजे काटछाट न केलेले स्कॅन मागवले. आमच्याकडे कागद ट्रान्सलेटरकडे येण्याआधी ‘क्लीन’ होतात. डाग पुसायचे, कडा कापायच्या. आन्ना मात्र पान भरलं की कागद फिरवून समासातही लिहायची. जादा पानाचं टपाल परवडत नसावं. हा कडा कापायचा नियम कुणा शहाण्याचा, म्हणून तावातावाने चेकलिस्ट उघडली. खाली माझंच नाव. मागे ऑफिसच्या बिलांसाठी मीच ती केली होती. गपचूप बंद केली.

समासात होतं, ‘बाबा गेले. पलटणीत त्यांच्या जागी नवा शिपाई आला. घर त्याचं झालं आणि मूडिग हे नावही त्याचं झालं. आम्ही मामाकडे, नॉरगोर्डेनच्या शेतावर आलो.’

नाव दुसऱ्याचं कसं होईल? सकाळी चहा घेताना माझ्या बाबांना विचारलं. बाबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. माझं लहानपण कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये गेलं.

“अगं, बिल्कुल सोपं आहे. नोकरी संपली की क्वार्टर खाली करायचं. आपण जाताना पाटी काढून आणायचो. त्यांची पाटी तिथेच राहिली.”

शोधलं तर तसंच निघालं. त्या काळी स्वीडनमध्ये शिपायाला घर मिळायचं आणि घराबरोबर फौजी नाव. पुढचा शिपाई आला की घरही त्याचं, नावही त्याचं. म्हणजे नाही म्हणणारे मूडिग खोटं बोलत नव्हते. ते बहुधा नंतरच्या शिपायाचे वंशज होते.

मी रॉय यांना शेताचं नाव कळवलं. जायच्या चार दिवस आधी त्यांचा मेल आला. आन्नाची पणती अजून त्याच शेतावर राहते आणि त्यांची वाट बघते आहे. मी खुर्चीतच टाळी वाजवली. सेठी सरही उठून आले. “चलो, अच्छा हुआ,” म्हणाले.

नंतर फोटो आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं, मध्ये पत्र्याचा डबा. त्यात रॉय यांच्या आजोबांनी अमेरिकेतून बहिणीला लिहिलेली पत्रं, एकूण एक जपलेली.

ती आता भाषांतरासाठी माझ्या टेबलावर आहेत. कडा कापायची ओळ मी चेकलिस्टमधून काढली. जुनं पत्र साफ करण्याआधी चारी बाजूंनी फिरवून बघावं, अशी नवी घातली. बरं झालं. आन्नाचा भाऊही समासात लिहितो.