झापायला लाइन हवी होती!

मैत्रिणींनो, आज दुपारी बरोब्बर तीन वाजता मारेगावच्या कापूस केंद्रातल्या साहेबांनी माझ्या सुनेला झापलं.

तिथलं इंटरनेट तुटलं, सर्व्हर अडकला, वजनकाट्यापुढे कापसाच्या गाड्या थांबल्या. तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी माझी सून प्रिया इथे यवतमाळला घरी बसून, टेलिफोन लाइनीने थेट सर्व्हरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे त्याच्या मुख्य नियंत्रणात, शिरून तो सुरू करत होती. अचानक संपर्क तुटला आणि तिच्या मोबाईलवर साहेबांचा फोन आला.

“मॅडम, घरी बसून काय करून राह्यल्या? गाड्या उभ्या हायेत न!”

“साहेब, तुम्ही कोणत्या लाइनीवरून बोलून राह्यले?”

सर्व्हरचीच लाइन उपटून, ती टेलिफोनला जोडून त्यांनी हा फोन लावला होता!

पोरीने हसत ती परत लावायला सांगितली आणि काटा सुरू करून दिला. मी हसणार नाही. साहेब, उद्या संध्याकाळी पाचच्या आत लेखी माफी पाठवा. तिला नको आहे; मला हवी आहे.